सावंतवाडीहून आणलेलं ग्रीक युद्धजहाज

नातवासाठी सावंतवाडीच्या एका लाकडी खेळण्यांच्या दुकानातून घेतलं. वल्ह्यांच्या तीन ओळी एकीवर एक, नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, पितळेची चोच. खरी कांशाची असे. इ.स.पू. ४८० मध्ये सालामिसच्या सामुद्रधुनीत अथेन्सचा सेनानी थेमिस्टोक्लीसच्या ग्रीकांनी इराणचा सम्राट झर्क्सीसचं आरमार अशाच चोचींनी फोडलं. जागा चिंचोळी, म्हणून इराण्यांची जास्तीची जहाजं एकमेकांतच अडकली. मालवणच्या खडकांतून होडी काढणाऱ्याला हे लगेच पटेल. खऱ्या जहाजावर १७० वल्हेकरी असत. इथे एका बाजूला तीसच वल्ही, पण प्रत्येक हाताने घासून गुळगुळीत केलेलं. डोलकाठी मात्र दुसऱ्याच दिवशी निसटली. दुकानदाराने कुरकुर न करता खुंटी मारून दिली. नातू रोज घंगाळात सालामिस लढतो. जरूर घ्या.