अँकी आणि फेट : नववी-दहावीच्या विज्ञान-गणितासाठी वर्षभर वापरल्यावर

अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या एका गावात मी नववी-दहावीला विज्ञान आणि गणित शिकवतो. गेल्या जूनपासून दोन फुकट साधनं वापरतोय : कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, आणि मोबाइलवरचं अँकीड्रॉइड, म्हणजे प्रश्नोत्तरांच्या कार्डांनी उजळणी करवणारं ‘अँकी’. बोर्डाची परीक्षा उरकली, आता सविस्तर लिहितो.

आधी फेट. नववीच्या ‘धाराविद्युत’ धड्यात एकसर जोडणीत दोन सारखे बल्ब लावले, तर कोणता जास्त उजेड देईल? वर्गातून उत्तर येतं, पहिला. का, तर “वीज पहिला बल्बमाच खपी जास.” मी आधी प्रत्येकाला अंदाज वहीत लिहायला लावतो आणि मगच सर्किट जोडतो. लिहून घेतलं नाही तर नंतर सगळे म्हणतात, आम्हाला माहीतच होतं. दोन्ही बल्बच्या पुढे-मागे धारा मोजणारा ॲमीटर लावला की आकडा तोच दिसतो, आणि मग खरी चर्चा सुरू होते. मराठीतून चालतं, फाइल एकदा उतरवून ठेवली की नेट लागत नाही, त्यामुळे प्रोजेक्टर आणि लाईट असली की झालं.

पण पंधरा-वीस दिवसांनी तीच मुलं पुन्हा जुनं उत्तर लिहितात. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०१४ साली विजेच्या सर्किटवरच हे तपासलं. चुकीची सर्किटं दाखवल्यावर भौतिकशास्त्र शिकलेल्यांच्या मेंदूत मनातला आवेग आवरणारे भाग नवख्यांपेक्षा जास्त सक्रिय झाले. म्हणजे जाणकारांच्या डोक्यातूनही जुनी समजूत पुसली जात नसावी. ते ती दर वेळी दाबून धरतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एकदा छान समजावून भागत नाही, तो फसवा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर यायला हवा.

अँकी हेच काम करतं. ‘ओहमचा नियम सांगा’ असली कार्डं मी काढून टाकली. त्याऐवजी : ‘दुसऱ्या बल्बमधली धारा पहिल्यापेक्षा कमी, जास्त की तेवढीच? कारण?’ उत्तर आठवून वहीत लिहायचं, मग कार्ड उलटायचं, आणि किती जड गेलं त्याप्रमाणे बटण दाबायचं. पुढची तारीख ॲप ठरवतं. विसरण्याचा वेग जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच मोजला होता. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत धडा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र आठवून पाहणारे. चाचणीच्या आदल्या रात्री धडा वाचून समाधान मानणाऱ्या मुलांना मी हा प्रयोग आवर्जून सांगतो.

गणितात जपून वापरा. एका वेळी डोक्यात साधारण चारच गोष्टी धरता येतात, असा मानसशास्त्रज्ञ कोवान यांचा २००१ चा निष्कर्ष आहे. वर्गसमीकरणाचं सूत्र आणि चिन्हांचे नियम आठवण्यातच ती जागा गेली, तर उदाहरणासाठी काय उरणार? म्हणून सूत्रं कार्डांवर. सोबत ‘इथे अवयव, पूर्ण वर्ग की सूत्र?’ असे निवडीचे प्रश्न, अंकगणिती श्रेढीच्या प्रश्नांत मिसळून. पूर्ण उदाहरण मात्र कागदावरच.

अडचणी आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत मुलं शेतात असतात, मोबाइल वडिलांकडे असतो, आणि परत येईपर्यंत कार्डांचा डोंगर साचलेला. तो पाहून काहींनी ॲपच काढून टाकलं. आता रोजची मर्यादा कमी ठेवतो, मागचं हळूहळू फिटतं. काही मुलं न आठवताच ‘जमलं’ दाबतात. त्यांना जोडीने बसवावं लागतं. बालभारतीच्या धड्यांना धरून मराठीत तयार, भरवशाचा संच मला मिळाला नाही, आणि सूत्रं टाइप करणं कंटाळवाणं आहे. मी हाताने लिहून फोटो टाकतो. झोपेत आठवणी पक्क्या होतात, म्हणून कार्डं जेवणाआधी. रात्री मोबाइल बंद.

‘उजवा मेंदू जागवा’ म्हणत पैसे मागणाऱ्या ॲपपासून पालकांनी लांब राहावं. मुलं डाव्या मेंदूची किंवा उजव्या मेंदूची असतात, याला शास्त्रीय आधार नाही.

दर रविवारी दोन तास कार्डं बनवायला देऊ शकणाऱ्या शिक्षकाला मी ही जोडी नक्की सुचवेन. तयार मालाच्या अपेक्षेने घेणाऱ्याची निराशा होईल.