गॅस गेला नव्हता, व्होल्टेज डाऊन होतं

व्होल्टेज कमी असलं की एसीचं जे होतं आणि गॅस गळाल्यावर जे होतं, ते घरात बसलेल्या माणसाला एकसारखंच दिसतं. आतला पंखा फिरतो, वारा येतो, गारवा मात्र येत नाही. नेमक्या याच जागी आम्हाला फसवलं गेलं. अजून कितीतरी घरांत हे चालू असणार, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमचा एसी दीड टनाचा, इन्व्हर्टर नसलेला, म्हणजे कॉम्प्रेसर (बाहेरच्या युनिटमधला गॅस दाबणारा पंप) एकाच वेगाने चालणारा. दुपारी व्यवस्थित चालायचा. संध्याकाळी आजूबाजूला सगळीकडे विजेचा वापर वाढला की बाहेरच्या युनिटमधून घुंऽऽ असा आवाज यायचा, काही सेकंदांत टक् होऊन बंद, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. दुरुस्तीला आलेल्या माणसाने पाइपला दाब मोजणारा गेज लावला, काटा दाखवला आणि गॅस गेल्याचं सांगून टाकलं. काटा कुठे असायला हवा, ते सांगितलं नाही. गळती कुठे आहे, तेही नाही. गॅस भरला, पैसे घेतले, गेला.

एसीतला गॅस वापरून संपत नसतो. ती बंद यंत्रणा आहे. गॅस कमी झालाच असेल तर कुठेतरी गळती असते, बहुतेक वेळा सांध्याजवळ तेलकट डाग असतो, साबणाच्या फेसाने ती जागा सापडते. आणि गॅस कमी असेल तर एसी दुपारीही गार करणार नाही. दुपारी नीट चालणारा आणि संध्याकाळीच अडणारा एसी गॅसमुळे अडत नाही. एवढा एक प्रश्न त्या माणसाने विचारला असता तर पुढचं काही झालंच नसतं, पण तो विचारणं त्याच्या फायद्याचं नव्हतं. त्यात आधीच पुरेसा गॅस असताना आणखी भरल्यामुळे आतला दाब वाढला आणि कॉम्प्रेसरवरचा भार आणखी वाढला.

त्रास वाढल्यावर त्यालाच पुन्हा बोलावलं. या वेळी तो म्हणाला, स्टॅबिलायझर (कमी-जास्त होणारं व्होल्टेज सावरून देणारी पेटी) लागेल, आणि स्वतःच घेऊन आला. पेटीवर ४ केव्हीए लिहिलेलं, समोर लाल आकड्यांत २२०. ते २२० कधी हललंच नाही. शेजारचे दिवे मंद झाले तरी २२०. खऱ्या स्टॅबिलायझरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो आणि व्होल्टेज घसरलं की रिले (आपोआप बदलणारा स्विच) टक् करून ट्रान्सफॉर्मरचा पुढचा टॅप घेतो, म्हणजे व्होल्टेज एक पायरी वर नेतो. आकडा थोडा तरी वर-खाली होतोच. शिवाय वीज जाऊन आली की एसीसाठीचा चांगला स्टॅबिलायझर दोन-तीन मिनिटं थांबून मगच पुरवठा देतो, कारण तेवढ्या वेळात कॉम्प्रेसरमधला दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. आमची पेटी बटण दाबताक्षणी चालू व्हायची. ही परीक्षा कुणालाही करता येते, त्याला मीटरही लागत नाही.

मग आला सगळ्यात मोठा घाव. सतत सुरू-बंद होऊन कॉम्प्रेसर हात लावता येणार नाही इतका तापला होता. त्याने तशाच गरम कॉम्प्रेसरच्या टर्मिनलना मल्टीमीटर लावला, रीडिंग येत नाही हे आमच्या डोळ्यांसमोर दाखवलं आणि वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळालंय, कॉम्प्रेसरच बदला, असं सांगितलं. हे फार सावधपणे वाचा, कारण यात पुरावा दाखवून फसवलं जातं. बऱ्याच कॉम्प्रेसरच्या आत ओव्हरलोड प्रोटेक्टर असतो. जास्त तापला की तो सर्किट तोडतो, आणि कॉमन टर्मिनलपासून (कॉमन, रन आणि स्टार्ट या तिघांपैकी एक) रीडिंग येत नाही. वाइंडिंग शाबूत असतं. तास-दोन तास, कधी त्याहून जास्त, गार होऊ दिला की रीडिंग परत येतं.

त्या रात्री काही बदलू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ओळखीतून आलेल्या दुसऱ्या मेकॅनिकने गार कॉम्प्रेसर तपासला. कॉमन ते रन आणि कॉमन ते स्टार्ट यांच्या रीडिंगची बेरीज रन ते स्टार्टइतकी भरली, बॉडीला शॉर्ट नव्हता. कॉम्प्रेसर ठणठणीत होता. मग त्याने आधीच्या माणसाने एकदाही न केलेली गोष्ट केली: संध्याकाळी येऊन, एसी सुरू होत असताना व्होल्टेज मोजलं. मुख्य मीटरपाशी २०५ आणि एसीच्या पॉइंटवर, कॉम्प्रेसर उचलायच्या क्षणी, १६५. स्टॅबिलायझरच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ तोच आकडा. आत जे येत होतं तेच बाहेर जात होतं, समोर मात्र २२० लिहिलेलं होतं.

मधले ४० व्होल्ट घरातच खाल्ले जात होते. बोर्डापासून एसीपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि वाटेत एक ढिला, कार्बन धरलेला न्यूट्रलचा जोड. दीड टनाचा असा एसी चालताना साधारण ८ अँपिअर घेतो, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. पातळ वायरवर आणि खराब जोडावर त्या क्षणी मोठी घट होते. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. २३० ऐवजी १६५ मिळाले तर ती निम्म्यावर येते. कॉम्प्रेसर उचलणार कसा? अशा ठिकाणी खरा स्टॅबिलायझरही पुरता उपाय नाही. १७० चे २२० करायचे तर तो पुढे ८ अँपिअर देताना मागून १० हून जास्त ओढतो आणि तीच वायर आणखी तापवतो.

४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी लाइन टाकली, जोड नवा केला, जास्तीचा गॅस काढून युनिटच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतकाच वजनकाट्यावर मोजून भरला. एसी संध्याकाळीही चालतो.

तेव्हा कुणीही गॅस, कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग), स्टॅबिलायझर किंवा कॉम्प्रेसर यांचं नाव घेतलं की आधी दोन ठिकाणी व्होल्टेज मोजायला लावा, मीटरपाशी आणि एसीच्या पॉइंटवर, एसी बंद असताना आणि सुरू होताना. स्वतः उघड्या टर्मिनलना हात घालू नका. मीटरपाशीच कमी असेल तर वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा. तोवर युनिटच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या मर्यादेखाली एसी लावू नका. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो म्हणून कमी व्होल्टेज जास्त सोसतो, पण त्यालाही मर्यादा असते आणि व्होल्टेज घसरलं की तो जास्त करंट ओढतो. म्हणजे पातळ वायर तिथेही चालत नाही.

पहिल्या माणसाकडे पैसे मागितले तेव्हा त्याने बिल दाखवलं. त्यावर नुसतं ‘सर्व्हिस’ लिहिलं होतं. बिलावर गॅसचा प्रकार, भरलेलं वजन, गळतीची जागा, स्टॅबिलायझरची इनपुट रेंज आणि सीरियल नंबर लिहून घ्या, आणि बदललेला भाग आपल्याच घरी ठेवून घ्या. हे लिहून द्यायला जो तयार नसेल त्याला युनिटचं झाकण उघडू देऊ नका.