रिओत एक दिवस, सोबत बावीस मुलं: ख्रिस्ताचा डोंगर की साखरेचा?

रात्रीच्या बसने साओ पावलोहून निघायचं, सकाळी रिओ दि जानेरोत उतरायचं आणि त्याच रात्री परतीचं विमान पकडायचं. विद्यार्थ्यांचा गट घेऊन ब्राझीलला गेलं की रिओच्या वाट्याला अनेकदा एवढाच वेळ उरतो. मग कार्यक्रमाच्या कागदावर कोर्कोवादोवरचा ख्रिस्त, शुगरलोफ, कोपाकबाना, मारकाना, रंगीत पायऱ्या, उद्याचं संग्रहालय अशी एकाखाली एक नावं पडतात. कागदावर सगळं बसतं, प्रत्यक्षात नाही. दोघंच हिंडत असतील तर रांग पाहून बेत बदलता येतो. बावीस जणांत एकाला बाथरूमला जायचं असेल तर एकवीस जण थांबतात, आणि परत निघताना मोजले की वीसच भरतात.

म्हणून आधी एक ठरवून टाका: दिवसभरात दोन मोठ्या गोष्टी, तिसरी नाही. त्या धरून दोनच बेत उरतात. पहिला, सकाळी कोर्कोवादो आणि संध्याकाळी शुगरलोफ, म्हणजे दोन्ही डोंगर. दुसरा, दिवसा जुनं शहर व बंदर आणि संध्याकाळी शुगरलोफ. शुगरलोफ दोन्हीकडे आहे. खरा वाद सकाळचा आहे.

पुतळा

घरच्यांना फोटो हवा असतो तो इथला. कोर्कोवादो म्हणजे कुबडा. डोंगराचं नाव त्याच्या पाठीवरून पडलं. उंची सुमारे ७१० मीटर. माथ्यावरच्या पुतळ्याचं उद्घाटन १२ ऑक्टोबर १९३१ ला झालं. पुतळा ३० मीटरचा, चौथरा ८ मीटरचा, आणि एका हाताच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत २८ मीटर. आत काँक्रीट, वरून शंखजिऱ्याच्या दगडाचे लहान तिकोनी तुकडे चिकटवलेले. लांबून अखंड पांढरा वाटणारा ख्रिस्त जवळून गोधडीसारखा जोडकामाचा दिसतो. मुलांना हे आवर्जून दाखवा, कारण वर पोचल्यावर निम्मी मुलं पुतळ्याकडे पाठ करून स्वतःलाच टिपत असतात.

मला मात्र पुतळ्यापेक्षा तिथवर नेणारी गाडी जास्त आवडते. कोस्मे व्हेल्यू भागातून निघणारी ही दातेरी रुळांची रेल्वे पुतळ्याच्या आधीची, १८८४ मधली. सम्राट दुसरा पेद्रो उद्घाटनाला होता. १९१० मध्ये ती विजेवर आली आणि पुढे पुतळ्याचं सामानही तिनंच वर वाहिलं. ३.८ किलोमीटर, साधारण वीस मिनिटं, दोन्ही बाजूंना तिजुकाचं जंगल. हे जंगल मुळात लावलेलं आहे. कॉफीच्या मळ्यांसाठी डोंगर बोडके केल्यावर शहराचे झरे आटायला लागले, तेव्हा १८६१ पासून सम्राटाच्या हुकमानं पुन्हा झाडं लावली गेली, आणि सुरुवातीचं ते कष्टाचं काम गुलामांच्या हातांनी झालं. खिडकीतून बघत राहिलात तर फणस दिसतील, आपलेच! पोर्तुगीजांनी आपल्या बाजूचा फणस तिकडे नेला. तिथे त्याला ‘जाका’ म्हणतात. तो इतका माजला की राष्ट्रीय उद्यानाच्या लोकांना आता त्याला आवर घालावा लागतो. कोकणातल्या मुलांना हे सांगून बघा, त्यांचा विश्वास बसत नाही.

आता अडचणी. तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं. गट उशिरा पोचला की सगळं गणित बिघडतं. वरचा कट्टा अरुंद, त्यावर माणसंच माणसं, आणि पुतळा पूर्ण मावावा म्हणून जमिनीवर उताणे झोपून फोटो काढणारे पायात येतात. उतरताना पुन्हा रांग. मुक्कामाच्या जागेपासून जाऊन-येऊन गटाचे चार तास धरा. त्यापेक्षा कमी सांगणाऱ्यानं एवढी मुलं सांभाळलेली नसतात.

शिवाय ढग. आमच्या वेळी खाली ऊन होतं आणि वर पोचलो तर पुतळ्याच्या पायांच्या वर काही नव्हतं. वीस मिनिटं पांढऱ्या अंधारात उभे राहिलो. एकदा धूसर हात दिसला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, तो पुन्हा गेला. डिसेंबर ते मार्च हा तिथला उकाड्याचा आणि पावसाचा काळ, तेव्हा हे घडण्याची शक्यता जास्त. जून ते ऑगस्टमध्ये हवा कोरडी आणि आकाश बहुधा स्वच्छ असतं.

साखरेचा डोंगर

शुगरलोफचं पोर्तुगीज नाव पांव दे आसुकार. यातला ‘पांव’ म्हणजे आपला पावच, गोव्याच्या वाटेनं मराठीत आलेला. उसाच्या कारखान्यांत साखर मातीच्या निमुळत्या साच्यात घट्ट करायचे; त्या ढेपेसारखा हा खडक, म्हणून हे नाव. गुळाची ढेप पाहिलेल्या मुलाला वेगळं समजवावं लागत नाही.

उंची ३९६ मीटर, म्हणजे कोर्कोवादोच्या निम्म्याहून थोडी जास्त. पण इथे मोठा फायदा आहे तो याच बुटकेपणाचा: समोरचा डोंगर ढगात गेलेला असतानाही हा अनेकदा मोकळा असतो. रोपवे १९१२ मध्ये सुरू झाला आणि दोन टप्प्यांत जातो. प्राया व्हर्मेल्या या छोट्या किनाऱ्याजवळून आधी सुमारे २२० मीटरच्या उर्का टेकडीवर, तिथून दुसऱ्या पाळण्यानं माथ्यावर. एका पाळण्यात ६५ माणसं मावतात. मास्तरांच्या दृष्टीनं या एका आकड्यात सगळं आलं: गट फुटत नाही.

वर जागा ऐसपैस. बसायला बाकं, पाय मोकळे करायला पायवाटा, सावली, झाडांत उड्या मारणारी मार्मोसेट माकडं (खायला देऊ नका, हातातला बिस्किटाचा पुडा आधी आत ठेवा). एका बाजूला कोपाकबानाचा वाक, दुसऱ्या बाजूला ग्वानाबाराचा उपसागर, आणि सांतोस दुमोंत विमानतळावर उतरणारी विमानं इतक्या जवळून वळतात की मुलं फोन खाली ठेवून बघतात. ख्रिस्तही इथून दिसतो, लहान, पण त्या सगळ्या डोंगररांगेसकट. कोर्कोवादोवर उभं राहिलं की चित्रातला ख्रिस्तच वजा होतो.

वेळ संध्याकाळचीच हवी. सूर्य कोर्कोवादोच्या बाजूच्या डोंगरांमागे जातो आणि खाली दिवे लागतात. जूनमध्ये सव्वापाचला सूर्य मावळतो, जानेवारीत पावणेसातच्या आसपास, म्हणून सूर्यास्ताच्या दीड तास आधी खालच्या रांगेत असावं. ज्यांचे पाय तयार आहेत आणि खिसे हलके आहेत त्यांना उर्का टेकडीपर्यंतची पायवाट फुकट आहे, अर्धा-पाऊण तासाची आणि चढ बऱ्यापैकी. बावीस जणांत दोन दमेकरी असतील तर हा विचार सोडा.

जुनं शहर आणि बंदर

आता ज्याला बहुतेक गट फाटा देतात तो भाग, आणि माझं मत इथेच झुकतं.

सुरुवात माउआ चौकातून करा. पाण्यात घुसलेलं पांढरं, लांबलचक, माशाच्या सांगाड्यासारखं जे दिसतं ते उद्याचं संग्रहालय: सांतियागो कालात्रावाचं काम, २०१५ मध्ये उघडलेलं. बाहेरून पाहिलं तरी चालेल, आत गेलात तर दोन तास जातात. तिथून चालत वालोंगोच्या धक्क्यावर या.

बघायला तिथे फार काही नाही. रस्त्याच्या पातळीखाली एक खड्डा, त्यात ओबडधोबड दगडांची फरसबंदी. हा धक्का १८११ मध्ये बांधला गेला आणि आफ्रिकेतून आणलेले सुमारे नऊ लाख गुलाम इथे उतरले असा अंदाज आहे. १८४३ मध्ये सम्राटाची वधू बोटीनं येणार म्हणून त्यावर नवा देखणा धक्का चढवला गेला. पुढे तोही बुजला. २०११ मध्ये बंदराच्या नूतनीकरणासाठी खोदकाम करताना दोन्ही थर वर आले, आणि २०१७ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा ठरवलं. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली १८८८ मध्ये. म्हणजे कोर्कोवादोची गाडी सुरू झाल्यावर चार वर्षांनी, हे मुलांना तारखा जोडून स्वतः शोधू द्या. तिकीट नाही, रांग नाही, दहा मिनिटं पुरतात. आमच्या गटात सगळ्यात जास्त प्रश्न याच खड्ड्याच्या काठावर आले.

पुढे ट्राम घ्या. २०१६ च्या ऑलिंपिकच्या वर्षी ती सुरू झाली. थांब्यावर फाटक नसतं. आत चढून आपलं कार्ड आपणच यंत्राला लावायचं. बाविसांपैकी दोघं विसरणार हे गृहीत धरा. शहराच्या मध्यात पोर्तुगीज वाचनालय आहे, १८८७ ची इमारत, आत छतापर्यंत तीन मजले कोरीव लाकडी कपाटं. दर्शनी भिंतीवरच्या पुतळ्यांत वास्को द गामा उभा आहे. गोव्याच्या मुलांनी त्याला माझ्या आधी ओळखलं. शेवट सेलारोनच्या पायऱ्यांवर. चिलीहून आलेल्या होर्हे सेलारोननं १९९० पासून आपल्या घरासमोरच्या २१५ पायऱ्या फरशांनी मढवायला घेतल्या आणि २०१३ मध्ये मरेपर्यंत तो त्या बदलतच राहिला. साठाहून जास्त देशांच्या फरशा आहेत. गर्दी असते, तरी अर्धा तास द्यावा.

या बेताला एक मोठी अट आहे: वार कामाचा हवा. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी हा भाग ओस पडतो, दुकानं बंद होतात आणि रिकाम्या गल्लीत बावीस फोन हातात घेऊन चालणं शहाणपणाचं नाही.

पोटाचं

जुन्या शहरात जेवणाचा प्रश्न सुटतो, कोर्कोवादोवर सुटत नाही. ‘पोर किलो’ लिहिलेल्या खाणावळीत ताट वाढून घ्यायचं, वजन करायचं, तेवढेच पैसे द्यायचे. भात, भाज्या, कोशिंबिरी भरपूर. गटात ज्यानं-त्यानं आपलं घेतलं की हिशेबाची भांडणंही मिटतात. शाकाहाऱ्यांनी काळ्या घेवड्याबद्दल विचारून घ्यावं, त्यात बहुधा डुकराचं मांस असतं. नुसतं ‘सें कार्नि’, म्हणजे मांस नको, म्हणून भागत नाही, कारण हॅमला मांस न मानणारे लोक भेटतात. मधल्या वेळेला चीजचे गोळे, पांव दे केजू. ते कसाव्याच्या पिठाचे, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याचेच. आमच्यातल्या एकीनं लगेच विचारलं, उपासाला चालतील का.

मग कुठला?

आठवड्याचा मधला वार असेल तर दुसरा बेत: बंदर, वाचनालय, जेवण, पायऱ्या आणि चारच्या सुमाराला शुगरलोफ. इतिहास, वास्तुकला, समाजशास्त्र शिकणारी मुलं असतील तर विचारसुद्धा करू नका.

रविवार असेल, किंवा हिवाळ्याची लख्ख सकाळ असेल, तर पहिला. पण मग पुतळा सकाळीच. ख्रिस्ताचं तोंड पूर्वेला आहे. सकाळी चेहऱ्यावर ऊन असतं, दुपारनंतर सूर्य त्याच्या पाठीमागे जातो आणि फोटोत काळी आकृती येते. मधल्या वेळेत कोपाकबानाला पाय भिजवा, लाटांच्या नक्षीची ती काळी-पांढरी फरसबंदी बघा, उसाचा रस प्या. शाळकरी मुलं असतील तरीही हाच बेत बरा. गाडी आणि पाळणा दोन्ही मिळतात.

मारकानाचं मैदान दोन्हीत बसत नाही. फुटबॉलवेड्यांचा गट असेल तर पुतळा काढून ते घाला. झोपडपट्टी दाखवणाऱ्या सहली मात्र मी गटासाठी घेणार नाही. कुणाच्या दारासमोरून बावीस जणांनी रांगेनं बघत जाणं मला पटत नाही.

तारीख ठरली असेल आणि आकाशाचा भरवसा नसेल, तर पुतळ्याची तिकिटं आधी काढू नका. सकाळी उठून कोर्कोवादोकडे बघा. शहरातल्या बऱ्याच जागांवरून तो दिसतो. माथा स्पष्ट दिसला तर कोस्मे व्हेल्यू, नाहीतर ट्राम. आगाऊ तिकीट नसल्यानं सोयीची गाडी न मिळण्याचा धोका आहेच, पण बावीस तिकिटांचे पैसे ढगात जाण्यापेक्षा तो परवडतो.

आणि शुगरलोफवरून उतरताना शेवटच्या पाळण्यापर्यंत थांबू नका. दिवे लागल्यावर सगळेच एकदम खाली यायला निघतात. विमान गाठायचं असेल तर अंधार पडल्यावर वीस मिनिटांत उर्काच्या रांगेत, आणि मोजणी दोनदा: उर्कावर एकदा, खाली एकदा.