रंग जुळवायचे आहेत: ऑटो अलाइनमेंट की मॅन्युअल?

प्रिंटरने छापलेल्या अक्षराच्या एका कडेला गुलाबी आणि दुसऱ्या कडेला निळसर झालर दिसत असेल, तर चारही रंग (निळसर, गुलाबी, पिवळा, काळा) एका जागी पडत नाहीयेत. देवनागरीत हा दोष लवकर उघडा पडतो. रंगीत मजकुराची शिरोरेषा दुहेरी दिसते, अनुस्वार फुगतात, गडद पट्टीवरची बारीक पांढरी अक्षरं बुजतात. कडा स्वच्छ आहेत पण लाल रंग विटकरी येतोय, असं असेल तर तो कॅलिब्रेशनचा, म्हणजे रंगांचं प्रमाण बसवण्याचा, प्रश्न आहे. अलाइनमेंट, म्हणजे रंगांची जागा जुळवणं, कितीही वेळा केली तरी तो सुटणार नाही.

इंकजेट असेल तर आधी नोझल चेक (शाईची छिद्रं नीट चालतात का ते दाखवणारी नक्षी) काढा. एखाद्या रंगाची रेघ तुटक असताना सेन्सरही फसतो आणि डोळाही. आधी हेड क्लीनिंग (शाईचे थेंब टाकणाऱ्या हेडची सफाई), मग अलाइनमेंट.

इंकजेटवर

ऑटोमध्ये प्रिंटर साध्या ए४ कागदावर नक्षी छापतो. काही मॉडेलमध्ये आतला सेन्सर ती वाचतो, काहींत छापलेला कागद स्कॅनरच्या काचेवर पालथा ठेवावा लागतो. काम झटपट होतं, आणि घरगुती छपाईला एवढं पुरेसं आहे. काच डागाळलेली असेल किंवा पावसाळी हवेने कागद लाटांसारखा झाला असेल, तर मात्र वाचन चुकतं. बंद पाकिटातला कोरडा कागद घ्या.

लग्नपत्रिकेचं जाड कार्ड छापणाऱ्यांनी इथे थांबू नये. जाडी बदलली की हेड आणि कागद यांतलं अंतर बदलतं, थेंब खाली पोचायचा वेळ बदलतो. मग हेड जाताना टाकलेले थेंब आणि परतताना टाकलेले थेंब एका रेषेत येत नाहीत, उभी रेघ दातेरी होते. मॅन्युअलमध्ये प्रत्येक गटातून ज्या चौकोनात पांढरी किंवा गडद रेघ सर्वांत कमी दिसते त्याचा क्रमांक भरायचा आणि नक्षी पुन्हा छापून पडताळायची. पहिली छापील नक्षी पाहून समाधान मानू नका; खरी पारख दुसऱ्या नक्षीत होते. तरीही कार्डावर दोष राहिला तर ड्रायव्हरमधली (संगणकावरच्या प्रिंटर सेटिंगमधली) ‘बायडायरेक्शनल’ किंवा ‘हाय स्पीड’ ही खूण काढा. वेळ साधारण दुप्पट लागेल, पण जाता-येताचा फरकच उरणार नाही.

रंगीत लेझरवर

इथे बहुतेक मशीनमध्ये चार रंगांचे चार ड्रम (प्रतिमा उमटवणारे दंडगोल) असतात, आणि ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) एक ठिपका जेमतेम ०.०४२ मिलिमीटरचा. दोन-तीन ठिपक्यांची चूकही बारीक अक्षरात जाणवते. ऑटो रजिस्ट्रेशनमध्ये (लेझरवर रंग जुळवण्याला हेच नाव) मशीन आतल्या फिरत्या बेल्टवर रंगांच्या खुणा उमटवतं, सेन्सरने त्यांची जागा मोजतं आणि मग त्या पुसून टाकतं. थोडा टोनर (रंगाची पूड) वाया जातो, पण लेझरवर आमचा कौल स्पष्टपणे ऑटोलाच आहे: डोळ्याला पिवळी रेघ पांढऱ्यावर धड दिसत नाही, सेन्सरला तिची जागा मोजता येते. मशीन तापलं की आतले भाग किंचित प्रसरण पावतात, म्हणून सकाळी चालू केल्या केल्या नको. दहा-वीस पानं छापून मग करा.

ऑटो वारंवार एरर देत असेल तर सेन्सरच्या काचेवर टोनर बसलेला असण्याची शक्यता मोठी. मशीन बंद करून कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने ती हलकेच पुसा. बेल्टला बोट लावू नका, ड्रम उजेडात उघडे ठेवू नका.

मॅन्युअल रजिस्ट्रेशन काही मॉडेलमध्येच मिळतं. त्यात बहुधा काळा रंग आधार धरून बाकी तिघांचे आकडे भरायचे असतात. दिवसाच्या उजेडात, भिंगातून बघा. पिवळ्यासाठी निळा जिलेटीन पेपर डोळ्यापुढे धरला की पिवळी रेघ गडद दिसते. ऑटो झाल्यावरही एकच रंग सतत त्याच बाजूला सरकलेला राहत असेल, तर या वाटेचा खरा उपयोग.

दोन्ही वाटांनी न सुटणारे दोष वेगळे ओळखता येतात. इंकजेटवर पानाच्या मधोमध रंग जुळतात आणि कडेला सुटतात, तेव्हा हेडमागची पारदर्शक एन्कोडर पट्टी (हेडची जागा ओळखण्यासाठी असलेली) मळलेली आहे का ते बघा. लेझरवर झालर ठरावीक अंतराने येते-जाते, तेव्हा शंका ड्रम, रोलर किंवा गिअरवर घ्यावी. आकडे भरत बसण्यापेक्षा मेकॅनिकला ते अंतर पट्टीने मोजून सांगा, त्यावरून कोणता भाग ते त्याला ओळखता येतं.