अर्जात दुसऱ्या नावाचा रकाना : नागपुरातील एका व्हिसा सल्ला सेवेचा अनुभव

निवृत्तीनंतर परदेशात दीर्घकाळ राहण्याची इच्छा असलेल्या आणि लग्न न करता एकत्र राहणाऱ्या ज्येष्ठ जोडप्यांना उपयोगी पडावा, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. धरमपेठ भागातील ज्या सल्ला कार्यालयाची सेवा आम्ही घेतली, त्याचे नाव देणे मी टाळतो; कारण तक्रारीच्या बाजूला जे आहे ते एका कार्यालयापुरते असावे असे मला वाटत नाही, आणि ज्यांची मनापासून प्रशंसा करावी अशा तिथल्या एक बाई प्रसिद्धीपासून दूर राहू इच्छितात.

आधी आमची परिस्थिती सांगतो, कारण या विषयात सारे काही तिच्यावर अवलंबून आहे. मी राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झालो असून माझा घटस्फोट फार पूर्वी झाला आहे. माझ्या जोडीदार रेल्वेतील दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नी आहेत, त्यांना एक विवाहित मुलगी आहे, आणि त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. हे निवृत्तिवेतन पुनर्विवाहानंतर बंद होते; अपत्य नसलेल्या विधवेला काही अटींवर त्यातून सूट आहे, पण ती त्यांना लागू होत नाही. दर नोव्हेंबरला बँकेत हयातीचा दाखला, म्हणजे ‘जीवन प्रमाण’, करताना पुनर्विवाह झाला आहे का, हा प्रश्न येतो आणि त्या शांतपणे ‘नाही’ असे सांगून बोट यंत्रावर ठेवतात. सात वर्षांपासून आम्ही एका घरात राहतो. लग्न न करण्यामागे बंडखोरी नाही, हिशेब आहे. आणि हिशेब या वयात लाजण्याची गोष्ट नाही.

२०२५ च्या जून महिन्यात, नवतपा नुकताच संपलेला असताना आणि कूलरचे पाणी दिवसातून दोनदा भरावे लागत असताना, आम्ही त्या कार्यालयात गेलो. सुरुवातीच्या सल्ल्यासाठी शुल्क होते, फाईल उभी करण्यासाठी दोन हप्त्यांत वेगळे शुल्क होते, आणि पहिल्या हप्त्याची पावती माझ्या एकट्याच्या नावाने फाडली गेली. त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही.

सल्लागार तरुण होते, नम्र होते आणि बोलण्यात चतुर होते. त्यांनी टेबलावर चकचकीत माहितीपत्रके मांडली : थायलंड, मलेशिया, पोर्तुगाल, स्पेन. प्रत्येकावर समुद्र होता. त्यांनी आम्हाला हवामान, भारतीय किराणा आणि रुग्णालये यांविषयी विचारले. आमच्या नात्याविषयी मात्र पहिला पाऊण तास काहीच विचारले नाही. पुढे जेव्हा मी स्वतःच सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, “सर, मग नोंदणी पद्धतीने लग्न करून टाका ना. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस, की झालं.” कुटुंब निवृत्तिवेतनाचे कारण सांगितल्यावर ते थोडे गडबडले आणि त्यांनी थायलंडचे पत्रक पुढे सरकवले.

थायलंडचा निवृत्तांसाठीचा ‘नॉन-इमिग्रंट ओ-ए’ व्हिसा पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला मिळू शकतो. त्यासाठी ८ लाख बाथ इतकी ठेव किंवा दरमहा ६५,००० बाथ उत्पन्न दाखवावे लागते, आरोग्यविमा लागतो, आणि तिथे राहताना दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो. या व्हिसात अवलंबित म्हणून केवळ विवाहित जोडीदाराला घेता येते, म्हणून आम्हा दोघांना दोन स्वतंत्र फाईली आणि दोन स्वतंत्र ठेवी लागल्या असत्या. येथे सल्लागारांनी जी सूचना केली, ती या अभिप्रायातील सर्वांत गंभीर तक्रार आहे. ते म्हणाले, “मॅडमच्या खात्यात तुमच्याकडून रक्कम वळती करा, बॅलन्स दिसला की पुरे.” विवाहित पतीने पत्नीला दिलेली रक्कम घेणाऱ्याच्या हाती भेट म्हणून करपात्र ठरत नाही, परंतु आयकर कायद्याच्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत लग्न न केलेला जोडीदार बसत नाही, आणि अशा व्यक्तीकडून वर्षात ५०,००० रुपयांहून अधिक भेट मिळाली तर ती सगळी रक्कम घेणाऱ्याचे उत्पन्न समजली जाते. वीस लाखांहून मोठी रक्कम त्या सूचनेप्रमाणे वळती केली असती, तर जोडीदारांना त्या वर्षी फार मोठा कर भरावा लागला असता. रामदासपेठेतील आमच्या जुन्या परिचयाच्या सनदी लेखापालांनी फोनवरच हे थांबवले. सल्लागाराने कर सल्ला द्यायलाच हवा असे मी म्हणत नाही. पण पैसे हलवण्याची सूचना करणाऱ्याने निदान ‘आधी विचारून घ्या’ एवढे म्हणायला हवे होते.

मलेशियाचे प्रकरण लवकर संपले. ‘मलेशिया माय सेकंड होम’ या योजनेत २०२४ पासून मुख्य श्रेणींपैकी सर्वांत खालच्या ‘सिल्व्हर’ श्रेणीसाठीही दीड लाख अमेरिकी डॉलरची मुदत ठेव आणि किमान ६ लाख रिंगिटचे घर लागते. तेवढी ऐपत आमची नाही.

दुसऱ्या भेटीत आमचे खरे काम झाले, आणि ते सल्लागारांनी केले नाही. कागदपत्रे तपासण्याच्या टेबलावर साठीच्या आसपासच्या एक बाई बसतात. त्यांनी आमची फाईल उघडली, चष्मा वर केला आणि माझ्याकडे न पाहता जोडीदारांना विचारले, “काकू, तुम्ही दोघं एकत्र राहता हे कुठल्या कागदावर दिसतं?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. घर माझ्या नावावर, महावितरणचे बिल माझ्या नावावर, गॅस जोडणी माझ्या नावावर; त्यांच्या आधार कार्डावर अजून रेल्वे वसाहतीजवळचा जुना पत्ता. सात वर्षांच्या सहजीवनाचा आमच्याकडे लिखित पुरावा जवळपास शून्य होता. त्यानंतर बाईंनी एका कोऱ्या कागदावर उभी रेघ मारली, डावीकडे देशांची नावे लिहिली आणि उजवीकडे एकच प्रश्न : या देशाच्या अर्जात लग्न न केलेल्या जोडीदारासाठी रकाना आहे का, आणि तो भरायला कोणता पुरावा चालतो? हवामान, किराणा, समुद्र यांपैकी काही त्या कागदावर नव्हते. माझ्या मते या सेवेसाठी दिलेल्या सगळ्या शुल्काची किंमत त्या एका कागदात वसूल झाली.

त्या कागदावर स्पेन आणि पोर्तुगाल दोन्ही टिकले. स्पेनच्या नोकरी-व्यवसाय न करता राहण्याच्या व्हिसात विवाहासारख्या नात्यातील जोडीदार मान्य आहे. पण उत्पन्नाची अट तिथल्या ‘इप्रेम’ या निर्देशांकाच्या चारपट आहे. २०२५ मध्ये तो निर्देशांक महिना ६०० युरो असल्यामुळे अर्जदारासाठी २,४०० आणि जोडीदारासाठी आणखी ६०० युरो दाखवावे लागतात. आमचे दोघांचे मिळून उत्पन्न महिना दीड लाख रुपयांच्या आसपास आहे. ३,००० युरो, म्हणजे जवळपास तीन लाख रुपये, दाखवणे शक्य नव्हते. पोर्तुगालचा ‘डी-७’ व्हिसा आमच्या आवाक्यात होता. तिथे किमान वेतनाएवढे निष्क्रिय, म्हणजे नोकरी न करता मिळणारे, उत्पन्न, म्हणजे २०२५ मध्ये महिना ८७० युरो, आणि दुसऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी त्याच्या निम्मे लागते. शिवाय पोर्तुगालच्या २००१ च्या कायद्याने दोन वर्षांहून अधिक काळ एकत्र राहणाऱ्या जोडप्याला ‘उनियाव द फाक्तो’, म्हणजे प्रत्यक्ष सहजीवन, अशी ओळख दिली आहे. आमच्यासारख्यांसाठी जणू दार उघडेच होते.

कार्यालयाच्या माहितीपत्रकात याच ठिकाणी आणखी एक दोष निघाला. पोर्तुगालमध्ये परदेशी निवृत्तिवेतनावर फक्त १० टक्के कर लागतो, असे त्यात ठळक अक्षरांत छापलेले होते. ती सवलत नव्या रहिवाशांसाठी २०२४ पासून बंद झाली आहे. मी ते दाखवून दिल्यावर पत्रक माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात गेले, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. पण पुढच्या आठवड्यात तेच पत्रक स्वागतकक्षातील टेबलावर पुन्हा दिसले.

जुलै ते सप्टेंबर आम्ही पुरावे उभे केले. आधार कार्डावरील पत्ता बदलला, बँकेत संयुक्त खाते उघडले, नव्या सदनिकेचा भाडेकरार दोघांच्या नावाने नोंदवला, आणि सहजीवनाचे प्रतिज्ञापत्र केले. या प्रतिज्ञापत्राच्या शब्दांवर बाईंनी जी काळजी घेतली, ती वकिलानेही क्वचितच घेतली असती. पहिल्या मसुद्यात ‘पती-पत्नीप्रमाणे’ असे शब्द होते. त्यांनी ते लाल शाईने खोडून ‘विवाह न करता, एका घरात, परस्परांच्या संमतीने व सामायिक खर्चाने’ असे लिहिले, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एका कार्यालयात सादर केलेला कागद उद्या दुसऱ्या कार्यालयातही वाचला जाऊ शकतो. अर्जात वैवाहिक स्थितीच्या चौकोनात जोडीदारांनी ‘विधवा’ यावर खूण केली आणि खाली सहजीवनाचे प्रतिज्ञापत्र जोडले. दोन्ही विधाने खरी आहेत आणि एकमेकांना छेद देत नाहीत. त्यांना मात्र ती खूण करताना क्षणभर थांबावे लागले, हे मी पाहिले.

पोलिसांच्या दाखल्यासाठी आम्ही पासपोर्ट सेवा केंद्रात स्वतः गेलो. नोटरी, राज्य शासनाचे साक्षांकन आणि परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का, हा प्रवास कार्यालयाने पार पाडला, आणि त्यात एकही कागद हरवला नाही, एकाही तारखेची चूक झाली नाही. कागद फिरवण्याच्या कामात ही सेवा उत्तम आहे, याबद्दल मला शंका नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पोर्तुगालने परदेशी रहिवाशांच्या कुटुंब-एकत्रीकरणाचे नियम कडक केले. एकाने आधी जाऊन ठराविक काळ तिथे राहायचे आणि मगच दुसऱ्याला बोलवायचे, असा त्याचा आमच्यापुरता अर्थ होता. ही बातमी आम्हाला कार्यालयातून कळली. सल्लागारांनी स्वतः फोन करून, गोड न बोलता, “सर, आपली फाईल आता या मार्गाने पाठवू नका,” असे सांगितले. दुसरा हप्ता तेव्हा यायचा होता, तरी त्यांनी हे सांगितले. थायलंडच्या सूचनेमुळे त्यांच्याविषयी झालेले माझे मत त्या दिवशी बरेच बदलले.

पासष्टीच्या उंबरठ्यावर एकाने पुढे जायचे आणि दुसऱ्याने नागपुरात वाट पाहायची, हे आम्हाला मान्य नव्हते. बाईंच्या कागदावर सर्वांत खाली, बहुधा जागा उरली म्हणून, मॉरिशस लिहिलेले होते. तिथे पन्नाशी ओलांडलेल्या निवृत्त परदेशी व्यक्तीला दहा वर्षांचा निवास परवाना मिळू शकतो. त्यासाठी ठरलेली किमान रक्कम बाहेरून मॉरिशसच्या बँकेत नियमित आणावी लागते, आणि अवलंबितांमध्ये पती किंवा पत्नीखेरीज लग्न न करता एकत्र राहणारा जोडीदारही, तो भिन्नलिंगी असल्यास, धरला जातो. समलिंगी जोडप्यांना या रकान्याचा उपयोग नाही, हे येथेच सांगून ठेवतो. भारतीय पारपत्रधारकांना अल्प मुक्कामासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, त्यामुळे आम्ही मुंबईहून थेट विमानाने जाऊन दोन आठवडे राहून पाहिले. एका देवळाबाहेर एक आजोबा क्रिओलमध्ये भाजीवाल्याशी हुज्जत घालत होते आणि आमच्याशी, थोड्या जुन्या वळणाच्या पण स्वच्छ मराठीत, पावसाविषयी बोलले. तिथे मराठी शाळेत शिकवली जाते, हे मला वाचून माहीत होते. कानांनी ऐकणे निराळे.

पैशांविषयी एक गोष्ट कार्यालयाने आधी सांगायला हवी होती. उदारीकृत प्रेषण योजनेखाली प्रत्येक व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, पण अशा कारणासाठी १० लाख रुपयांच्या पुढील रकमेवर बँक २० टक्के कर जागीच गोळा करते. तो पुढे विवरणपत्रात वळता होतो, तरी मधले महिने हातचा पैसा अडकतो. दोघांची मर्यादा स्वतंत्र असते, म्हणून ज्याचे त्याने आपापल्या खात्यातून पाठवावे. याशिवाय मृत्युपत्र करून ठेवण्याचा सल्लाही आम्हाला बाहेरूनच मिळाला. हिंदू वारसा कायद्यात लग्न न केलेल्या जोडीदाराला वारस म्हणून जागा नाही.

गुण द्यायचे झाले तर कागदपत्रांच्या कामाला पाचपैकी पाच, देश निवडण्याच्या सल्ल्याला दोन, आणि त्या बाईंच्या टेबलाला मोजमाप नाही. आमच्यासारख्यांनी तिथे जायचे असेल तर स्वागतकक्षातील पत्रके न वाचता थेट त्याच टेबलाची वेळ मागावी.

मॉरिशसची फाईल मागील आठवड्यात पूर्ण झाली आणि आम्ही दुसरा हप्ता भरला. पावती लिहिणाऱ्या मुलाने सवयीने माझे एकट्याचे नाव लिहायला घेतले, तेव्हा जोडीदारांनी त्याला थांबवले आणि दोन्ही नावे घालायला सांगितली. बाईंनी ती पावती हातात घेऊन वाचली, तिची एक छायाप्रत काढली, आणि पंच मारून ती आमच्या सहजीवनाच्या पुराव्यांच्या मागे लावून टाकली.