कुत्र्याची छोटी जखम: घरी बघावी की व्हेटकडे न्यावी?

रक्त थांबतच नसेल, आतलं मांस दिसत असेल, किंवा जखम डोळ्याजवळ नाहीतर सांध्यावर असेल, तर हे वाचत बसू नका, निघा. मी बोलतोय ते खरचटणं, पंजात काच जाणं, नख तुटणं, खेळता खेळता लागलेला दात, असल्या 'होईल बरं' म्हणून सोडून देण्यासारख्या जखमांबद्दल. आमच्या चिंगीने आठ वर्षांत हे सगळे प्रकार करून दाखवलेत. काही मी घरी निभावले, काहींसाठी डॉक्टर गाठले. माझा अधिकार एवढाच.

घरच्या उपचाराला मी कमी लेखत नाही. उथळ ओरखड्याला लागतं काय, तर पाणी, आणि भरपूर पाणी. रक्त येत असेल तर स्वच्छ गॉज पाच मिनिटं दाबून धरायचा, मध्ये उचलून बघायचं नाही. (हे बघणंच आपल्याला आवरत नाही, आणि नुकतंच साकळलेलं रक्त पुन्हा सुटतं.) मग सलाईनने किंवा कोमट पाण्याच्या धारेखाली निवांत धुवायचं. सलाईन नसेल तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात 9 ग्रॅम मीठ. ते शरीरातल्या द्रवाच्या जवळपास जातं, म्हणून झोंबत नाही. आयोडीन वापरायचंच तर फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून 'चला, काम होतंय' असं मलाही वाटायचं. पण तो जंतूंबरोबर जखम भरून आणणाऱ्या पेशींनाही सोडत नाही.

आपल्या कपाटातली मलमं मात्र नकोत. झिंक ऑक्साइडचं मलम, टी ट्री तेल, सोरायसिसवरचं कॅल्सिपोट्रिऑल, जे लावाल ते जिभेने पोटात जाणार, आणि यातलं शेवटचं तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलही आपल्या मनाने नाही.

तर मग व्हेटकडे वेगळं काय होतं? धुणं तेच, औषधही पुष्कळदा तसंच. मला फरक दिसला तो केस कापायच्या मशीनमध्ये. एकदा चिंगीच्या मांडीला दुसऱ्या कुत्र्याचा दात लागला. पेन्सिलीचं टोक टेकवावं एवढंसं भोक, रक्ताचा एक थेंब. मी ते पुसलं आणि मोकळा झालो. दोन दिवसांनी ती त्या कुशीवर झोपेना, हात लावला तर तिथे गरम लागलं. डॉक्टरांनी भोवतालचे केस काढले तर दोन बोटं पलीकडे दुसरं भोक निघालं, आणि आत घातलेली बारीक सळई एका भोकातून दुसऱ्याकडे सहज सरकली. कुत्र्याची कातडी सैल असते. सुळा आत शिरतो, झटका बसतो, वरचं भोक लहानच राहतं पण खाली कातडी मांसापासून सुटलेली असते. वरचं तोंड मिटतं आणि पू आत साठतो. तेव्हापासून दात लागला की माझ्यापुरता निर्णय झालेला असतो. चावणारं जनावर अनोळखी असेल तर प्रश्नच नाही. हातमोजे घालून जखम धुवायची आणि रेबीजच्या लशीचं विचारायला त्याच दिवशी जायचं.

शिवाय टाके घालायचे असतील तर ते ताज्या जखमेला, पहिल्या काही तासांतच बरे. 'आज रात्र बघू' म्हणण्यात ती वेळ निघून जाते.

पण खरं सांगायचं तर माझं मन वळलं ते यातल्या कशानेही नाही. वळलं ते एका डब्यामुळे.

पंजाच्या गादीला काच लागली होती, चिरा लहान होता, मी घरीच करायचं ठरवलं. गादीवर सगळं वजन पडतं, चालताना चिरा परत परत उघडतो, त्यामुळे ते अकरा दिवस चाललं. सकाळ-संध्याकाळ ड्रेसिंग. सामान एका प्लास्टिकच्या डब्यात होतं, झाकण उघडताना 'टक्' असा आवाज व्हायचा. तिसऱ्या दिवसापासून तो 'टक्' ऐकला की चिंगी सोफ्याच्या मागे. मी ओढून काढायचो, बायको डोकं धरायची, मी पाय धरायचो, आणि ती आमच्याकडे न बघता भिंतीकडे बघत राहायची. गुरगुरली असती तर बरं वाटलं असतं. जखम भरली, पण त्यानंतर कितीतरी महिने तिने मला पंजाला हात लावू दिला नाही. नखं कापायची सोय गेली. चष्म्याची डबी उघडली तरी ती उठून जायची, कारण तिचाही आवाज तसाच.

व्हेटकडे जी धरपकड होते तिचा राग व्हेटवर निघतो, आणि व्हेट वर्षातून दोनदा भेटतात. मी रोज भेटतो. हा हिशोब कुठल्या पुस्तकात नसेल, पण माझ्यासाठी तोच निर्णायक ठरला.

उलटही असू शकतं, हे मान्य. काही कुत्री दवाखान्याच्या दारातच थरथरायला लागतात, तिथल्या वासाने लाळ गाळतात. अशांना एका ओरखड्यासाठी नेणं म्हणजे जखमेपेक्षा मोठी शिक्षा. तुमचं कुत्रं पाय हातात देऊन शांत पडत असेल तर तुम्ही भाग्यवान आहात, घरी करा. फक्त जखम रोज उजेडात बघा. तिसऱ्या दिवशी लाली कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली, वास आला किंवा पू दिसला की हट्ट सोडा. केसाळ कुत्र्याच्या ओल्या जखमेवर माशा बसल्या तर एका दिवसात अळ्या होऊ शकतात, आणि वरून काही दिसत नाही. पट्टी बांधलीत तर मधल्या दोन बोटांची नखं एकमेकांपासून फाकतायत का ते पाहत जा. फाकली म्हणजे पाय सुजतोय, पट्टी घट्ट झालीये.

मी हल्ली असं करतो. पहिलं धुणं घरी, लगेच. केस काढणं, तपासणं, औषध ठरवणं डॉक्टरांकडे. आणि चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची शंकूसारखी कॉलर, जी ती दारांना आपटत फिरते. लाळेने जखम बरी होते म्हणतात. लाळेत थोडी ताकद असेलही, पण खरखरीत जीभ तासभर चालली की खपली उरत नाही. राहिलेली एक-दोन ड्रेसिंगं मी करतो, तीही ती झोपाळलेली असताना, आणि झाल्यावर लगेच बाहेर फिरायला.

सामान आता कापडी पिशवीत आहे. त्या पिशवीच्या झिपचा आवाज म्हणजे काय, हे चिंगीला अजून कळलेलं नाही.