नौपाड्यातली लॅब: रिपोर्ट चोख, फॉर्म अर्धवट

बालीहून परतलो आणि दुसऱ्याच दिवशी हिला सणसणून ताप, डोळ्यांमागे ठणका. लॅबचा मुलगा सकाळी सातला घरी हजर. शीर सापडेना, दोनदा टोचलं. डेंग्यूची एनएस१ (रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह, रिपोर्ट दुपारी व्हॉट्सॲपवर. आयजीएम (शरीर विषाणूविरुद्ध बनवतं ती अँटिबॉडी) निगेटिव्ह बघून मी गोंधळलो, तर फोनवरच्या बाईंनी नीट समजावलं की ती तापाच्या साधारण पाचव्या दिवसानंतर दिसते.

राग फॉर्मचा. परदेश प्रवासाचा रकानाच नाही! मी पेनाने ‘बाली’ लिहिलं, ते टाइप करताना गाळलं. डास चावल्यावर डेंग्यू दिसायला साधारण ४ ते १० दिवस लागतात, म्हणजे डास तिकडचाच. पण नोंद ठाण्याची. म्हणून महापालिकेचा माणूस डासांची पैदास शोधत येऊन आमच्या मनीप्लांटची बाटली उपडी करून गेला.

तीन स्टार.